तिजोरीतला आकडा

न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा किती जड, हे प्रयोगशाळेत केव्हाच मोजून झालंय. आम्ही तेच नुसत्या गणितातून काढत होतो. अवकाश आणि काळाची जाळी मांडायची, तिच्यावर प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते क्वार्क बसवायचे आणि महासंगणकाला महिनोन्‌महिने राबवायचं. पण उत्तर आधीच माहीत असलं की माणूस नकळत तिकडे झुकतो. म्हणून गटातल्या एकाने सगळे आकडे एका गुप्त संख्येने गुणून ठेवायचे आणि तपासण्या संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी आमची पद्धत. ते काम माझ्या नवऱ्याकडे आलं. सगळे त्याला तिजोरी म्हणायला लागले. मी बजावलं होतं, याच्या तोंडात तीळ भिजत नाही, दुसऱ्या कुणाला तरी द्या.

माझं उत्तर प्रयोगाच्या मापाला जाऊन चिकटलं आणि मी कपाळाला हात लावला. गुणलेलं उत्तर जुळतंय, म्हणजे ती संख्या काढून टाकली की खरं उत्तर चुकणार. रोज संध्याकाळी मी चूक शोधत बसायचे. तो दारात उभा राहायचा.

"बरोबर आहे गं तुझं. चल, फिरून येऊ."

मला उठवायला थापा मारतोय, असं वाटून मी डाफरायचे. त्याचा हात पोटावर असायचा. विचारलं की म्हणायचा, ॲसिडिटी आहे.

काल गणिताच्या तपासण्या संपल्या. संख्या विचारायला गटप्रमुख आणि मी हॉस्पिटलात त्याच्या खाटेशी गेलो. डॉक्टर आता फक्त दिवसांबद्दल बोलतात.

"एक," तो म्हणाला.

"एक पूर्णांक किती?" गटप्रमुखांनी विचारलं.

"नुसता एक. हिच्यापासून लपवणं जिवावर आलं."

म्हणजे माझं उत्तर पहिल्यापासून बरोबर होतं. गटप्रमुख हसले, मग माझ्याकडे बघून गुपचूप बाहेर गेले.

"आणि हे?" मी त्याच्या पोटाकडे बोट केलं. "हे बरं जमलं लपवायला."

"सांगितलं असतं तर काम सोडून माझ्यापाशी बसली असतीस."

"बसलेच असते," मी म्हणाले आणि मला रडू आवरेना.

त्याने माझा हात धरला. "बरोबर आहे गं तुझं. आता चूक शोधू नकोस."

शोधायची काय राहिली होती? तो खरं सांगायचा तेव्हा मी डाफरायचे, आणि ॲसिडिटीवर विश्वास ठेवून पुन्हा कामाला लागायचे.