निरोगी रक्ताची नळी

ओली, हिरवट, बेडकाची कातडी.

दारात दादाच्या चपला. एक उलटी पडलेली.

फ्रीजमध्ये अर्धी भरलेली नळी.

दुपारी एकपर्यंतची मुदत.

या चारही गोष्टी एकाच बाईच्या डोक्यात होत्या, आणि त्या ज्याला सांगाव्यात असं घरात कुणी नव्हतं.

दादाच्या रक्तात जंतू शिरले होते. मूतखड्याचं साधं ऑपरेशन, मग ताप, आणि बघता बघता एकेका अँटिबायोटिकने हात टेकले. ती स्वतः सहा वर्षं एका पेप्टाइडच्या मागे होती. बेडकाच्या कातडीत सापडलेला प्रथिनाचा इवलासा तुकडा. जंतूंच्या कवचाला भोकं पाडतो. दादा तिला बेडकीणच म्हणायचा.

"तुमचं ते औषध देऊन बघायचं का?" इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी काल विचारलं होतं. "परवानगीचं मी बघते. पण चालेल का, हे उद्या एकपर्यंत तुम्हीच सांगा. त्यांचं आणखी कुणी आहे?"

"मीच आहे."

मग दादा प्रयोगशाळेत आला, तीन नळ्यांतून. एकीत त्याचे जंतू. दुसरीत कालच्या रक्तातलं पिवळसर पाणी. तिसरी तिथे आधीपासून होतीच. औषधाने माणसाच्या लाल पेशी फुटत नाहीत ना, हे बघायला निरोगी रक्त लागायचं, आणि विभागाचा रिवाज असा की आळीपाळीने प्रत्येकाने आपलं माणूस आणायचं. तिची पाळी आली की दादा यायचा.

"तुझं औषध घेऊन मी डराव डराव करायला लागलो तर?" बाही वर सारत तो म्हणाला होता.

"कळणार कुणाला? आत्ताही तेच करतोस."

जंतू, ते पाणी आणि औषध मिसळून रात्रभर ठेवलेली ताटली सकाळी तिने उजेडात धरली. नेहमीच्या मात्रेला जंतू मजेत वाढलेले, द्रव गढूळ. दादाच्या रक्तातल्या पाण्याने औषधाचा पार चुरा केला होता. आठपट मात्रेला मात्र द्रव नितळ. जंतू साफ.

मग तीच आठपट मात्रा तिने तिसऱ्या नळीतल्या रक्तात घातली. तासभर ठेवली, यंत्रात गरगर फिरवली. पेशी शाबूत असल्या की तळाशी बसतात, वर पाणी स्वच्छ राहतं. नळी वरपासून खालपर्यंत लाल झाली.

तिने पुन्हा केलं. पुन्हा लाल. मधल्या मात्रा केल्या. कुठे जंतू जिवंत, कुठे पेशी फुटलेल्या.

एकला दहा मिनिटं असताना तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"नका देऊ. जंतूंबरोबर त्याचं रक्तही फुटेल."

"नक्की?"

"त्याच्याच रक्तावर बघितलं."

"मग तुम्ही इकडे या," बाई म्हणाल्या. "त्यांच्याजवळ बसा."

शेजारच्या टेबलावरचे लोक जेवायला गेले होते. तिने हातमोजे काढले, रॅक धुतला, धुतलेला पुन्हा धुतला आणि निघाली.

रक्त देणाऱ्याचं नाव नळीवर लिहायचं नसतं, म्हणून बारा दिवसांपूर्वी दादाने लेबलवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: निरोगी माणूस.