कच्चा टाका

शहागडात तातेरावांच्या सोल्डरच्या टाक्याला नाव होतं. तीस वर्षं हायवेवर ट्रकांच्या वायरिंगमध्ये गेली. आता ते घरीच ओट्यावर बसून गाड्यांच्या दारांतल्या तुटक्या वायरी बदलून देत. दिवसभर दाराची उघडझाप, रबरी नळीतली वायर बिचारी वाकून वाकून किती वाकणार! तिथं नवा तुकडा सोल्डर करायचा आणि टाके पुढं-मागं घ्यायचे. सगळे एका ठिकाणी आले की नळीत गाठ होते. "दार मोडंल, पण तातेरावचा टाका सुटायचा न्हाई," असं ड्रायव्हर लोक म्हणत.

आज दार पोराचंच होतं. प्रेम पुण्याहून आला तो तब्बल नऊ महिन्यांनी. "जयभीम बाबा," म्हणाला आणि लगेच पुढं, "मागची काच खाली होऊन न्हाई राह्यली. दुपारीच निघायचंय, जल्दी बघा."

पाच वायरी तुटल्या होत्या. चार वायरी तातेरावांनी नेहमीसारख्या जोडल्या. पाचवीच्या शेवटच्या टाक्याला हात अडखळला. बायको, गिरिजाबाई, गेल्यापासून घरात बोलायला भिंती तेवढ्या उरल्या होत्या. दार नीट झालं की हा पुन्हा कशाला फिरकतोय? म्हातारं मन ते, त्याला पोच किती असणार! त्यांनी वायर तापू न देताच वरून कथील सोडलं आणि टेप गुंडाळली. फार तर महिनाभर टिकला असता तो टाका.

दाराचं पॅनल बसवलं, बटण दाबलं, काच सरसर खाली गेली. प्रेम खूश झाला.

"बरं झालं. परवा गिऱ्हाईक येऊन राह्यलं बघायला. विकून टाकतो ही गाडी."

तातेराव नुसतेच "हं" म्हणाले. मग पेचकस उचलून त्यांनी पॅनल पुन्हा काढायला घेतलं.

"आता काहून खोलून राह्यले?"

"एक टाका कच्चा ठेवल्ता. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"तुटला की तू परत येशील म्हणून." ते वर बघत नव्हते. लाजेनं कान तापले होते. "पण आता परक्याच्या गळ्यात पडंल ना ते."

"बाबा, फोन करायचा ना. आलो असतो."

"काय बिघडलं म्हणून सांगू? इथं समदं बराबर चालू हाय."

प्रेम खाली बसला आणि त्यांनी काढलेले स्क्रू गोळा करू लागला.