देवळीतली जपानी माणसं

तुळजाच्या घरात तेरा जपानी माणसं राहत होती आणि त्यांतलं एकही कामाचं नव्हतं. बोटाच्या पेराएवढी रबराची बाहुली ती, देवांशेजारच्या देवळीत दाटीवाटीनं उभी. चष्म्याचा पोस्टमन, ढेरपोट्या पोलीस, सार्वजनिक न्हाणीघराची मालकीण, पाठीवर टोपली घेतलेली म्हातारी, छत्री धरलेला कोल्हा. तिकडं जपानात टीव्हीवर एक कार्टून लागायचं, त्यानं सगळा देश वेडा केला होता म्हणे, त्यातली ही मंडळी. त्या कार्टूनचा हिरो होता लाल मुंडाशाचा एक पोरगा. तो मात्र या घरात नव्हता.

त्याला कारण तुळजाचा नवरा. लक्ष्मण मुरगावहून जपानला खनिजाची माती नेणाऱ्या बोटीवर खलाशी होता. तिथल्या बंदरात माती उतरेपर्यंत हा गडी खलाशांच्या क्लबात बसून कार्टून बघायचा. भाषेचं एक अक्षर कळायचं नाही, पण घरी आल्यावर गोष्ट अशी रंगवायचा की त्याची आई, इंदुबाई, चुलीवरचं विसरायची. बंदराबाहेर एक यंत्र होतं. नाणं टाकून मूठ फिरवली की प्लॅस्टिकचं अंडं पडायचं आणि अंड्यात एक बाहुलं. कुठलं मिळेल ते आपल्या हातात नाही. लक्ष्मणला दोनदा हिरो मिळाला आणि दोन्ही वेळा त्यानं तो जोडीदाराला देऊन बदल्यात किरकोळ माणूस घेतला. "हिरोला काय, सगळं जग इचारतंय," तो म्हणायचा. "ही बिचारी मागं हुबी ऱ्हातात. पर ह्यांच्याबिगर त्येचं पान हालत न्हाई."

या अंड्यांचा आणखी एक उपयोग होता. बोट मुरगावला लागली तरी लक्ष्मणला लगेच रजा मिळत नसे. मग तो वास्कोत वासूला गाठून अंडं त्याच्या हाती द्यायचा. वासू त्याच्याच गावचा, मालगाडीवर गार्ड. घाट चढून आलेल्या गाडीची जादा इंजिनं त्यांच्या गावच्या स्टेशनावर, कॅसलरॉकला, सोडवतात, त्यामुळं गाडी तिथं चांगली रेंगाळते. तुळजा तेव्हा स्टेशनावरच्या चहावाल्याला दूध घालायला आलेली असायची. वासू आपल्या डब्यातून उतरून अंडं तिच्या हातावर ठेवायचा आणि तिसऱ्या दिवशी लक्ष्मण स्वतः उतरायचा. सहा वर्षांत तेरा वेळा असं झालं, एकदाही चुकलं नाही.

चौदावं अंडं मात्र यायलाच तयार नव्हतं. नऊ महिने झाले होते.

वास्कोच्या ऑफिसात ती दोनदा जाऊन आली. बोट पोचलेली नाही, शोध चालू आहे, एवढंच तिथला कारकून सांगायचा, तेही फायलीतून मान वर न करता. तेव्हापासून वर येणारी एकही मालगाडी तुळजानं चुकवली नाही. दूध घालून झालं तरी रिकामी किटली घेऊन ती फलाटाच्या टोकाला उभी. चहावाला आधी चौकशी करायचा, मग त्यानं तिच्याकडं बघणंच सोडलं. लोकांना दुसऱ्याचं दुःख तीन महिने पुरतं, पुढं त्याचा कंटाळा येतो. इंदुबाई तर अन्नावरून उठली होती. ताटातला भात चिवडायची आणि "त्यो आल्यावर जेवीन" म्हणून हात धुवायची.

चैत्रात शेजारच्या पार्वतीच्या मुलीचं लग्न झालं. मांडवात बायकांना कुंकू लावत येणारी बाई तुळजापुढं आली आणि तिचं बोट कपाळापासून चार अंगुळांवर थांबलं. मग लावलं तिनं, नाही असं नाही. पण ते थांबलं होतं आणि मांडवातल्या साऱ्या बायकांनी बघितलं होतं. तुळजा जेवायला न बसताच घरी आली. देवळीपुढं बसून तिनं त्या चष्म्याच्या पोस्टमनला तोंडाला येईल ते ऐकवलं. रांडेच्या, आठ महिने पिशवी घेऊन हुबा हायस, एक चिठ्ठी दिली न्हाईस. पोस्टमन हसत राहिला, त्याचं तोंडच तसं केलेलं होतं. त्या दिवशी तुळजा पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

आणि वैशाखात एका सकाळी वासू डब्यातून उतरला, खिशातून कागदाची पुडी काढली.

"वैनी, हे दिलंय," तो किटलीकडं बघत म्हणाला.

"त्येनी?"

"व्हय."

तुळजानं पुडी उघडलीदेखील नाही. पदर सावरत, ठेचकाळत ती घरापर्यंत पळाली. "आत्ती, आली खूण," ती दारातूनच म्हणाली आणि इंदुबाई अंथरुणावर उठून बसली. म्हातारीनं त्या सकाळी ताट भरून भात मागितला, वर कढी मागितली आणि जेवता जेवता लेकाला शिव्या घातल्या. नऊ महिने जीव टांगून ठेवला माझा, येऊ दे मेल्याला.

तुळजानं चुलीपाशी पुडी सोडली. आत लाल मुंडाशाचा पोरगा होता.

तिनं पुडीचा कागद उलटून बघितला. हा लक्ष्मणनं पाठवलेला नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असलेलं ती मनाला शिवू देईना. या वेळी यंत्रात दुसरं काही नसेल. बदलून घ्यायला जोडीदार भेटला नसेल. अंडं फुटलं असेल. माणूस बदलतो, नऊ महिने दर्यावर राहिला तर आवडीही बदलतात. अशा नाही नाही त्या समजुती घालत तिनं हिरोला देवळीत नेऊन ठेवलं. मागची माणसं सरकवून त्याला पुढं जागा करावी लागली.

तीन दिवस ती घर सारवत होती. लक्ष्मणचा सदरा धुतला, वाळवला, पुन्हा धुतला. तिसऱ्या दिवशी सकाळपासून ती फलाटावर होती. प्रवासी गाडी आली. एक भटजी उतरला, दोन फॉरेस्टवाले उतरले, एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन उतरली. गाडी गेली. घरी इंदुबाई ताट वाढून बसली होती. "उद्या येईल," तुळजा म्हणाली. "रजा न्हाई मिळाली."

चौथ्या दिवशी तिनं हिरोला देवळीतून उचललं, पदराच्या गाठीत बांधलं आणि ती वासूच्या गाडीची वाट बघत उभी राहिली. गाडी आली. मागे इंजिनं सोडवायची आरडाओरड चालू झाली. तिनं गार्डाच्या डब्याशी जाऊन मूठ उघडली.

"वासूभाऊ, ह्यो त्येनी न्हाई दिला."

वासूनं तिच्या तळहातावरचा पोरगा बघितला. मग तो डब्याच्या पायरीवर बसला.

"दुसऱ्या बोटीवरच्या पोराकडनं मागून घेतला," तो म्हणाला. "त्याच्यापाशी लई होती. सगळ्यांत देखणा बगून ह्यो घेतला. वैनी, तुमी रोज हितं हुब्या असायच्या. माझ्यानं बगवेना."

"ते कुटं हायत?"

"बोट बुडाली. नऊ जणांना दुसऱ्या बोटीनं उचललं. त्यातला स्वयंपाकी महिन्यामागं मला वास्कोत गावला. लक्ष्मण खाली इंजिनाच्या खोलीत हुता." वासूनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "वर आलाच न्हाई. ऑफिसनं इतके दिस दाबून ठेवलं, कागद येईल आता."

तुळजानं मूठ मिटली. तिला आश्चर्य वाटलं नाही, आणि त्याचाच तिला भयंकर राग आला. स्वतःचा राग आला. चुलीपाशी ज्या क्षणी पुडी सोडली त्या क्षणी ती विधवा झाली होती आणि तरी तीन दिवस सारवत बसली होती. आणि खरं सांगायचं तर या नऊ महिन्यांत तेवढे तीनच दिवस तिला धड श्वास घेता आला होता. ते तीन दिवस तिला परत हवे होते. दुसरं काहीही नको होतं.

पुढच्या टोकाला शिट्टी झाली. वासू उठला.

"पुढल्या खेपेला आनि एक आणा," तुळजा म्हणाली.

"वैनी, मी काय बोललो त्ये..."

"ऐकलं. ह्यो पोरगा नको. मागची असतात त्यातलं आणा, कोन बी चालंल. अंड्यात घालून आणा."

"म्हातारीसाटी व्हय?" वासूनं हळूच विचारलं. व्हय म्हणणं सोपं होतं, आणि वासूलाही ते हवं होतं. तुळजानं नकारार्थी मान हलवली.

"माझ्यासाटी. मी इचारीन, कुनी दिलं म्हनून. तुमी त्येंचंच नाव घ्याचं. मी शप्पत घातली तरी त्येंचंच."

गाडीनं हिसका दिला. वासू डब्यात चढला, हिरवा बावटा हातात घेतला, पण बाहेर काढेना. तुळजा गाडीबरोबर चालू लागली. हिरो असलेला हात तिनं वर केला.

"वासूभाऊ, ह्यो कुनी दिला?"

फलाट संपत आला होता.

"लक्ष्मणनं," तो म्हणाला.

"कवा येतो म्हनले?"

"परवा, वैनी," वासू म्हणाला आणि त्यानं बावटा बाहेर धरला.