पांढऱ्या बिया

व्यापाऱ्याची गाडी फाटकातून आत वळली तशी वहिनी शेडकडे आली. शेडच्या दारात सफरचंदांचे अठरा क्रेट रचले होते. सहा तिने तोडलेले. उरलेले बारा दिराने काल, ती दाताच्या डॉक्टरकडे गेली असताना, एका दमात भरून टाकलेले.

ही जात बागेत सगळ्यांच्या आधी यायची, बाकीची फळं लिंबाएवढी असतानाच. पण मोठी लहरी. उन्हाकडचा गाल आधी लाल व्हायचा, आतून फळ मागाहून पिकायचं. एकाच फांदीवर एक तयार, तर शेजारचं कच्चं. त्यामुळे तोडणी तीनदा. उशीर केला की फळ धपकन खाली.

"तीन-तीनदा शिडी कोण चढणार?" दीर सकाळीच तडकला होता. "आज व्यापाऱ्याने नाक मुरडलं, तर अख्खी रांग कापतो."

करवत त्याने खरोखरच पहिल्या झाडाला टेकवून ठेवली होती. त्या रांगेची कलमं वहिनीने लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी स्वतःच्या हाताने बांधली होती.

व्यापाऱ्याने चाकू काढून जवळच्या क्रेटमधलं फळ कापलं. ते वहिनीचं निघालं. बिया गडद तपकिरी, म्हणजे फळ आतून पिकलेलं.

"वा! सगळा माल असाच?"

"असाच की! डोळे मिटून घ्या," दीर म्हणाला.

"डोळे मिटून मी बायकोच्या हातचा चहासुद्धा पीत नाही." व्यापाऱ्याचा हात दिराच्या बारा क्रेटच्या चळतीकडे वळला.

वहिनी पुढे झाली. गप्प बसावं तर व्यापारी फळ कापून बघणारच. बोलावं तरी करवत आहेच.

"त्यांना हात लावू नका. कच्ची आहेत ती."

"वहिनी!"

"भाऊजी, तुम्हीच कापून बघा."

दिराने व्यापाऱ्याच्या हातातला चाकू हिसकावला आणि एक फळ कापलं. बिया पांढऱ्याफटक. दुसरं कापलं, तेही तसंच. तिसऱ्याला हात धजेना.

व्यापाऱ्याने चाकू परत घेऊन पुसला. "हे सहा नेतो. झाडावर अजून आहेत?"

"आहेत. परवा उतरतील."

"परवा येतो. पण बाईंनी तोडलेलीच घेईन."

गाडी गेली. दिराने हातातली फोड उलटून पाहिली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "बाहेरून कळतं कसं? प्रत्येक फळ कापत बसायचं का?"

"तळहातावर घेऊन जरा वर उचलायचं. तयार असेल तर आपणहून सुटतं. ओढावं लागलं की राहू द्यायचं."

"दाखवा."

"आधी ती करवत जागेवर ठेवून या."