डावी बाजू दोन सूत वर

पितांबरनानांची जुनी अँबेसेडर दारात आली तेव्हा उखर्डू आबांनी नात भूमिकाला हाक मारली. मे महिन्याच्या सुट्टीत ती आबांच्या धुळ्यातल्या गॅरेजात टेप धरायला शिकत होती.

"आबा, डावी बाजू वर उचललेली वाटते," नाना म्हणाले. "अमळनेरपासून सारखी डोळ्यांत खुपतेय. जरा खाली घ्या."

शेजारच्या सीटवर नानांच्या पत्नी धुरपदाबाई बसल्या होत्या. त्या हसल्या. "यांचं बठ्ठं ध्यान गाडीकडे शे. माझ्याकडे कधी एवढं निरखून बघितलं का, विचारा!"

नाना उतरायला लागले.

"बसा, बसा," आबा म्हणाले. "गाडीत रोज जे बसतात, ते बसलेले असतानाच माप घ्यायचं." मग नातीला जवळ घेऊन त्यांनी समजावलं, "हिच्या पुढच्या चाकांना स्प्रिंग नाही. खाली लांब लोखंडी बार आहे. तो पीळ खातो आणि गाडी तोलून धरतो. बार थकला तर काय होईल?"

"गाडी खाली बसेल."

"आणि वर कधी येईल?"

भूमिकाने विचार केला. "आपोआप नाही येणार. ओझं कमी झालं तरच."

"शाब्बास!"

चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत तिने टेप लावला. आधी उजवीकडे, मग डावीकडे.

"आबा, उजवी वहीतल्या मागच्या मापाएवढीच आहे. डावी दोन सूत, म्हणजे पाव इंच वर." ती उठली तेव्हा खिडकीवर टेकलेला धुरपदाबाईंचा हात तिच्या अगदी समोर होता. बांगड्या मनगटावरून घसरून कोपरापाशी आल्या होत्या. "म्हणजे आजी..."

आबांनी तिचा खांदा दाबला. उशीर झाला होता.

नाना उतरून डाव्या दाराशी आले. त्यांनी बायकोचा हात हातात घेतला. एक बांगडी वर सरकवली, पुन्हा खाली आणली.

"केव्हापासून?"

"सुलक्षणाच्या लग्नाआधीपासून. पोर एकदा सासरी जाऊ दे म्हटलं, मग सांगू."

"डॉक्टर?"

"जाऊन आले मी. आता काही करता येण्यासारखं नाही म्हणे." मग हलकेच म्हणाल्या, "या पोरीला रागावू नका. खरं बोलस ती."

आबा पाना घेऊन तसेच उभे होते. "नाना, खाली घेऊ का?"

"नको," नाना म्हणाले. "अंगाने भरेल ती पुन्हा."

दिवाळीच्या सुट्टीत भूमिका आली, त्याच आठवड्यात नाना आले. एकटेच. डावी बाजू आता आणखी वर होती.

"सारखी करून द्या," एवढंच म्हणाले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

आबांनी जॅक लावला, बारचा पीळ कमी केला, गाडी खाली सोडून दोनदा दाबली. भूमिकाने माप घेतलं.

"दोन्ही बाजू सारख्या."

नानांनी शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आबा, पुन्हा वर घ्या."

"किती?"

"ती बसली तर सारखी होईल, इतकी. आजारी नव्हती, तेव्हाची."

आबांनी जॅक पुन्हा ओढला.

"पण नाना," भूमिका हळूच म्हणाली, "मग गाडी नेहमी तिरकीच दिसेल."

"दिसू दे, बेटा."