तीनशे सत्त्याऐंशीच्या पुढे

कॅसेट दुपारी आली आणि उम्माने, म्हणजे आईने, ती सरळ कमरेला खोचली; रुखियाचा पुढे केलेला हात रिकामाच राहिला.

कॅसेट घेऊन आला होता मोय्दूट्टी. तिरूरच्या अलीकडच्या गावातला, दुबईत रुखियाच्या भावाच्या, सैदालवीच्या खोलीवर राहणारा, दोन महिन्यांच्या रजेवर आलेला. अंगाला अजून अत्तराचा वास येत होता. सुलैमानी चहाचा ग्लास हातात घेऊन तो म्हणाला, "सैदालवी घाईत होता उम्मा. ट्रेलर घेऊन लांबच्या फेरीवर निघाला होता. म्हणाला, या खेपेला काही कॅसेट भरून बोललो नाही."

बाकीच्यांनी हे ऐकून सोडून दिलं. रुखियाच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याचं असं होतं. या घरात कॅसेटी तीनच होत्या आणि पाच वर्षं त्याच तीन दुबईला जात होत्या, परत येत होत्या. इकडून सगळ्यांनी बोलून पाठवायचं, सैदालवीने ऐकायचं, मग त्याच्यावरच आपलं बोलणं भरून परत धाडायची. जुनं पुसून नवं. आणि सैदालवी म्हणजे तोंडाची टकळी. ट्रेलर घेऊन सौदीतून पार जॉर्डनच्या हद्दीपर्यंत जाणारा माणूस, त्याला सांगायला काय कमी? सांगून संपलं की गाणं, गाणं संपलं की खोलीतल्या सातही जणांना धरून एकेकाचा सलाम. कॅसेट खट् करून आपोआप थांबेपर्यंत तो थांबत नसे. त्यामुळे त्याच्या बोलण्याखाली इकडचं काय दबलं आहे, ते आजवर कुणाच्या कानावर आलं नव्हतं.

हीच कॅसेट मागच्या खेपेला भरली, तेव्हा शेवटी रुखिया एकटीच बोलली होती.

त्या दिवशी सगळे बोलून उठले. मशीन चालवायचं, आवरायचं काम नेहमी तिचंच. दुसऱ्या बाजूला अजून पट्टी उरली होती. आकडा दाखवणाऱ्या छोट्या खिडकीत तीनशे सत्त्याऐंशी दिसत होतं, ते तिच्या डोळ्यांपुढून आजही जात नव्हतं. तिने दार लोटलं, बटण दाबलं आणि उम्माला, एळाप्पाला म्हणजे धाकट्या काकाला, कुणालाही जे सांगता आलं नव्हतं ते भावाला सांगून टाकलं, की मला हे लग्न नको. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण का नको ते सांगताना तिने वहिनीचं नाव घेतलं होतं, आणि जे बोलली ते वहिनीच्या कानावर जाण्यापेक्षा विहीर बरी, असं तिला आता वाटत होतं.

ते बोलणं काक्काने, तिच्या मोठ्या भावाने, ऐकलं असणारच. पण त्याच्यावर आपलं बोलणं भरलं की नाही? भरलं असेल तर ठीक. नसेल तर आज सगळ्या घरासमोर ते वाजणार होतं.

आणि आज घर म्हणजे नुसतं घर नव्हतं. कॅसेट आल्याचं कळताच उम्माने नवऱ्या मुलाच्या घरी निरोप धाडला, की या, सैदालवीचा होकार त्याच्याच तोंडून ऐका. वडील नाहीत म्हटल्यावर शब्द द्यायचा तो भावाने.

"उम्मा, कॅसेट दे जरा," रुखिया स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली. "मशीनचं हेड पुसून एकदा लावून बघते. पाहुण्यांसमोर पट्टी गुंतली म्हणजे?"

"पाच वर्षांत गुंतली नाही ती आजच गुंतते का?" उम्मा तांदळाची पत्तिरी लाटत होती. "तुला आधी ऐकायचंय. लाज धर जरा. तुझ्याच लग्नाचं आहे म्हणून काय झालं?"

वहिनी आसिया, रुखियाची इत्तात्ता, तव्यापाशी होती. ती हसली आणि मान खाली घालून पत्तिरी उलटत राहिली.

"मग शेवटी काही नसलं तर बंद करू ना? उगाच नुसती खरखर कशाला ऐकवायची पाहुण्यांना?"

उम्माने लाटणं थांबवलं. "खट् होईपर्यंत कुणी बोट लावायचं नाही. शंभरदा सांगितलंय. तो बोलायचा थांबला तरी तिथेच बसलेला असतो."

हा उम्माचा कायदा. खरखर चालू असेपर्यंत मुलगा पलीकडे श्वास घेतोय, अशी तिची ठाम समजूत. तिला कितीदा समजावलं, पण ती काही पटवून घेणाऱ्यांतली नव्हे.

तिसऱ्या प्रहरची असरची नमाज आटोपून पाहुणे आले. ओटीवर नवऱ्या मुलाचा मामा आणि रुखियाचा मोय्दीन एळाप्पा. आत चटईवर मुलाची आई नबीसुम्मा आणि तिची थोरली लेक. नवरा मुलगा रझाक सौदीत, दम्माममध्ये. चाळीस दिवसांच्या रजेवर यायचा, लग्न करायचं आणि परत जायचं, असं ठरत होतं. रझाकमध्ये खोट काढायला कुठे जागा नव्हती. शांत, नाकासमोर चालणारा. हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

टेपरेकॉर्डर उंबऱ्यावर ठेवला, म्हणजे ओटीवरही ऐकू जावं आणि आतही. रुखिया दाराच्या आड, हात पोचेल अशी बसली. उम्माने कमरेची कॅसेट काढून तिच्या हातात दिली. गरम होती.

पहिल्या बाजूला नेहमीचंच. सगळ्यांना नाव घेऊन सलाम. मग जॉर्डनच्या हद्दीवरची गोष्ट. उम्माने पाठवलेली खोबरेल तेलाची बाटली शिपायाला सापडली आणि त्याला वाटलं, ही दारूच. "मी म्हणालो, डोक्याला लावायचं आहे. तो म्हणतो, पिऊन दाखव. उम्मा, तुझं अख्खं पावशेर तेल मी त्या शिपायासमोर उभं राहून प्यालो. तो सोडायला तयार झाला, पण माझं पोट तीन दिवस सोडेना."

मामा ओटीवर गदगदून हसला. नबीसुम्माने तोंडाला पदर लावला. "तुमचा मुलगा मोठा गमत्या," ती उम्माला म्हणाली, आणि उम्माचा चेहरा असा खुलला की रुखियाला तिच्याकडे बघवेना.

"आसियालाही सलाम," सैदालवी म्हणाला आणि बाजू संपली.

आसिया मागे भिंतीला टेकून बसली होती. तिच्या वाट्याला नेहमी एवढंच येई. सगळ्या गावासमोर वाजणाऱ्या कॅसेटमध्ये नवरा बायकोला आणखी काय म्हणणार? पत्रं येत, पण तिला वाचता येत नव्हतं. तीही एळाप्पाच मोठ्याने वाचून दाखवी.

रुखियाने कॅसेट उलटी घातली आणि आकडे शून्यावर आणले. दुसऱ्या बाजूला वाळूच्या वादळात अडकल्याची गोष्ट होती. एरवी तिने ती कानांत जीव आणून ऐकली असती. आज तिची नजर त्या छोट्या खिडकीवरून हलत नव्हती. एकशे दहा. एकशे नव्वद. बोल काक्का, बोलत राहा. वादळात आणखी दोन ट्रक अडकव, शिपायांना पकड, काहीही कर, पण गप्प बसू नकोस.

दोनशे साठला गाणं सुरू झालं. कुणीतरी तुपाचा रिकामा डबा वाजवत होतं, कुणी बाटलीवर चमचा मारत होतं. गाणं सैदालवीने स्वतःच जुळवलेलं.

*डबा वाजतो तुपाचा, डब्यात तूप नाही,*
*अंगण माझं झाडलेलं, अंगणात मी नाही.*

खोलीतले सातही जण मागून ओरडत होते. आसियाचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. तीनशे चाळीस. रुखियाने मनातल्या मनात कडवी मोजायला घेतली. अशीच खट् होईपर्यंत चालू राहिली तर सुटले.

तीनशे बावन्नला डबा थांबला.

सैदालवी खाकरला. मागचा गलका कुणीतरी गप्प केल्यासारखा बंद झाला.

"रुखियाच्या लग्नाचं विचारलंत," तो म्हणाला. ओटीवर मामा सावरून बसला. "उप्पा नाहीत, तेव्हा शब्द मी द्यायचा. रझाक चांगला आहे. त्याच्या घरच्यांबद्दलही मला काही म्हणायचं नाही."

"अल्हम्दुलिल्लाह," नबीसुम्मा हळूच म्हणाली. उम्माने डोळे मिटले.

"पण या पट्टीवर पुढे कुणीतरी बोललेलं आहे. मी ते ऐकलं. किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. मला बोलायला अजून पुष्कळ होतं, मोय्दूट्टी डबा घेऊन बसलेलाच आहे. पण मी ते पुसणार नाही." तो थांबला. "रुखिया, बटणावर तुझंच बोट असणार. तुझी इच्छा असेल तर दाब. दाबलंस तर माझा होकार धरा. नाही दाबलंस, तर पुढे जे वाजेल तेच माझं उत्तर. अस्सलामु अलैकुम."

तीनशे एकोणऐंशी.

रुखियाचं बोट खरंच बटणावर होतं. सगळ्यांची नजर त्या बोटावर आली. तिला काक्काचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एवढं होतं तर नाही म्हणायचं होतंस ना सरळ. मोठा भाऊ तू, शब्द तुझा, आणि हजार कोसांवर वाळूत बसून ओझं ठेवलंस ते माझ्याच बोटावर.

तेवढ्यात पेटीतून उम्माचाच जुना आवाज आला, मागच्या खेपेचा, मधेच तुटलेला. "…आणि उपाशी गाडी चालवू नकोस. खजूर जवळ ठेव."

"अगं बाई, ही तर मीच," उम्मा दचकून म्हणाली. नबीसुम्माची लेक फिस्सकन हसली. दुसरं कुणी हसलं नाही. एळाप्पा ओटीवरून वाकून आत बघत होता.

तीनशे त्र्याऐंशी. दाबलं की संपलं. चाळीस दिवस मांडव, गाणी, मेंदी. मग एक पेटी आणि तीन कॅसेटी. तिला भिंतीपाशी बसलेली आसिया दिसली. आसिया तिच्याकडेच बघत होती. अजून तिला काहीच माहीत नव्हतं, आणि ज्याला त्याला जमेल तेवढं चांगलं चिंतणारा तिचा तो चेहरा बघून रुखियाला आपलीच शरम वाटली. दाबावं. हिच्यासाठी तरी दाबावं.

तिने बोट उचललं आणि दोन्ही हात मांडीत धरून ठेवले.

खट्. खरखर. मग एक आवाज आला, तिला वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ बारीक.

"काक्का, मी रुखिया. सगळे उठून गेलेत. मला हे लग्न नको."

नबीसुम्माच्या हातातली बशी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"बंद कर ते," एळाप्पा ओटीवरून म्हणाला.

"रझाकचं काही वाईट नाही. पण तो जाणार. तुम्ही सगळे जाताच. काक्का, तुझ्या घरातच बघ. आसिया इत्तात्ताच्या लग्नाला सात वर्षं झाली. तू तिच्याजवळ किती राहिलास, मी महिने मोजलेत. पाच. ती तुझं गाणं लागलं की ओठ हलवते. परवा मी तिला विचारलं, काक्काच्या डाव्या गालावर तीळ आहे की उजव्या? तिला सांगता आलं नाही. मग ती चुलीपाशी जाऊन रडली…"

"रुखिया, दाब ते," उम्मा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "ऐकतेस का? दाब."

रुखियाला मान वर करवेना. एळाप्पा उठला, उंबऱ्यापाशी आला आणि बटणाकडे वाकला.

त्याच्या आधी आसिया पोचली. वडीलधाऱ्यांपुढे कधी तोंड न उघडणारी ती बाई चटईवरच्या पाहुण्यांना ओलांडून आली आणि पेटी दोन्ही हातांनी ओढून आपल्या मांडीवर घेऊन बसली. एळाप्पाचा हात तसाच हवेत राहिला. सुनेच्या मांडीवरची वस्तू घेणार कशी?

"आसिया," उम्मा म्हणाली.

"उम्मा, खट् होईपर्यंत बोट लावायचं नाही, हे तुम्हीच सांगता ना?" आसियाने डोक्यावरचं कापड सारखं केलं. तिचा आवाज जागेवर होता. "चालू दे. माझ्याबद्दल बोलतेय ती. पाच वर्षांत या पेटीतून माझ्याबद्दल एवढं कुणी बोललं नव्हतं."

ओटीवर मामाने आपल्या चपला पायांनी चाचपायला सुरुवात केली, पण तो उठला नाही.

"इत्तात्ता," रुखिया कशीबशी म्हणाली, "मला तुला…"

"गप. ऐकू दे," आसिया म्हणाली, आणि आवाज थोडा वाढवला.

खिडकीतला आकडा चारशे बारावर होता. पट्टी अजून बरीच उरली होती.