एकच लाल ओळ

ज्ञानेशने तो प्रोग्राम जावा या संगणकभाषेत लिहिला होता, २००६ च्या उन्हाळ्यात. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका लहानशा ऑफिसात तो नोकरीला होता आणि एका संस्थेच्या नर्सिंग प्रवेशाचे अर्ज पहिल्यांदाच वेबसाइटवर भरले जाणार होते. चुकांच्या संदेशांचं काम त्याने शेवटावर ढकललं. रकाना रिकामा राहिला तर एक संदेश, तारीख किंवा आकडा चुकला तर दुसरा आणि बिघाड आपल्याच प्रोग्राममध्ये असला तर तिसरा, असं ठरलं होतं. पण मुदत अंगावर आली तेव्हा त्याने तिन्हींसाठी एकच लाल ओळ टाकली : ‘आपण भरलेली माहिती चुकीची आहे.’

प्रवेश विभागाच्या आशा मॅडमनी विचारलंही होतं, “सगळ्याला एकच?”

“चालतं मॅडम. लोक बघतात पुन्हा.”

जुलैत, अर्जाच्या शेवटच्या तारखेला दुपारी काही कामासाठी तो संस्थेत गेला, तर अर्ज भरून घेणाऱ्या खिडकीशी एक मुलगी आणि तिची आई उभी होती. संध्या आणि लंकाबाई, पेठकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरच्या. एसटीने तिसरी खेप होती त्यांची. पहिल्या वेळी खिडकीवरचा कारकून म्हणाला, नावाचं स्पेलिंग बघा. त्यांनी शाळेतून नवा दाखला आणला. दुसऱ्या वेळी म्हणाला, जन्मतारीख तपासा. हेडमास्तरांचं पत्र आणलं. आज पुन्हा तीच ओळ.

“दादा, मास्तर म्हनतो कागद खरा हाय,” लंकाबाई ज्ञानेशला म्हणाली. “मंग ह्यो डबा चुकीचा का म्हनतो?”

“आई, मीच काहीतरी चुकले असंन,” संध्या मान खाली घालून म्हणाली. हातातल्या पिशवीचा बंद ती बोटाला गुंडाळत होती.

ज्ञानेश कारकुनाच्या खुर्चीत बसला. त्याने प्रोग्रामचा लॉग, म्हणजे नोंदवही, उघडला. संध्याच्या माहितीत काही चूक नव्हती. तिच्या गावाचं नावच प्रोग्राममधल्या गावांच्या यादीत नव्हतं. पेठ तालुक्यातल्या काही गावांचा कागद फॅक्सने उशिरा आला होता. ‘नंतर भरू’ म्हणून त्याने तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि विसरला. प्रोग्राम गाव शोधायचा, ते सापडलं नाही की कोसळायचा आणि दोष भरणाऱ्याच्या माथी मारायचा.

गाव जोडायला पाच मिनिटं लागली असती. पण तेवढ्यात आशा मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. ज्ञानेशने पटकन पडद्यावरचा लॉग बंद केला.

“सर्व्हर हळू चाललाय,” तो लंकाबाईला म्हणाला. “उद्या या.”

“तारीख तं आज हाय. उद्या घेत्यान का?”

“घेतील.”

त्या दोघी पायऱ्या उतरून गेल्या. आपण काय बोललो हे त्याला तेव्हाच कळलं होतं, तरी तो खुर्चीतून उठला नाही. ऑफिसात परतल्यावर त्याने लॉगमधल्या नोंदी मोजल्या. त्याच कोपऱ्यातल्या पाड्यांवरच्या नऊ मुली, तेवीस प्रयत्न. एकीने तर एका दिवसात पाच वेळा तीच माहिती भरली होती. त्याने सगळी गावं जोडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो खिडकीपाशी जाऊन थांबला. दुपार झाली तरी कोणी आलं नाही.

शेवटी तो आशा मॅडमच्या टेबलापुढे उभा राहिला आणि सगळं सांगितलं, कालच्या खोट्यासकट.

“मुलींना वाटलं असेल त्यांचंच चुकलं,” त्या म्हणाल्या. वरिष्ठांशी बोलून त्यांनी त्या नऊ जणींसाठी चार दिवस मिळवले. “अर्ज तूच घेऊन जायचे. घरोघर.”

संध्या भाताच्या लावणीत होती, गुडघाभर चिखलात. तो बांधावर उभा राहिला.

“तुझी माहिती पहिल्या दिवसापासून बरोबर होती. चूक माझी होती.”

ती कमरेतून सरळ झाली. “हे तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं?”

“हो.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलं, सर? आई रस्ताभर मला बोलत होती. खोटे कागद केले का म्हणून.”

त्याने अर्जाची फाइल पुढे केली. संध्याने हात धुतले, ओढणीला पुसले आणि मांडीवर फाइल ठेवून सही केली. लंकाबाईने त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि ती पुन्हा लावणीला वाकली.

आठ सह्या मिळाल्या. त्या आठही जणींचे अर्ज वेळेत पोचले आणि संध्याचं नाव प्रवेशाच्या पहिल्याच यादीत लागलं. नववी गोजरा, पाच वेळा माहिती भरणारी. तिच्या दाराला कडी होती. शेजारच्या ठमाबाईने सांगितलं, “मावशीसंगं सुरतेला गेली कामाला. परवाच. म्हनली, माझंच काय तरी खोटं हाय.”

मावशीचा पत्ता ठमाबाईला ठाऊक नव्हता. ज्ञानेशने गोजराचा अर्ज तिच्या हाती दिला, खाली आपला फोन नंबर लिहिला आणि तो उतरणीला लागला. फोन कधी आला नाही.